उत्तरवाहिनी रेड

नदी उत्तरवाहिनी झाली की आपल्याकडे तिथे घाट बांधतात, देऊळ उभं राहतं आणि स्नानाला गर्दी होते. उत्तर अमेरिकेतली रेड नदी उगमापासून मुखापर्यंत उत्तरवाहिनीच आहे. पण तिच्या काठी राहणाऱ्यांना त्यातून पुण्य लाभल्याचं दिसत नाही. उलट गेल्या दोनशे वर्षांतल्या त्यांच्या अनेक हालअपेष्टांचं मूळ तिच्या याच दिशेत आहे.

काऊबॉयपटांमधली रेड ती टेक्सासची. ही रेड वेगळी. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर ब्रेकेनरिज आणि वापेटन ही दोन गावं समोरासमोर वसली आहेत. तिथे ऑटर टेल आणि ब्वा द सू या नद्यांचा संगम होतो आणि पुढच्या प्रवाहाला रेड म्हणतात. फार्गो आणि ग्रँड फोर्क्स ही शहरं मागे टाकत ती ४९व्या अक्षांशावर कॅनडात शिरते, विनिपेग शहरातून जाते आणि विनिपेग सरोवराला मिळते. तिथून नेल्सन नदीच्या वाटेने तिचं पाणी हडसनच्या उपसागरात पोचतं. नदीची लांबी सुमारे ८८५ किलोमीटर भरते, पण पक्ष्याच्या वाटेने मोजलं तर हे अंतर निम्म्यावर येतं. बाकीचा निम्मा प्रवास वळणांचा. एवढ्या प्रवासात ती उतरते जेमतेम ७० मीटर, म्हणजे किलोमीटरमागे आठ सेंटिमीटर. डोळ्यांना हा उतार दिसतच नाही.

आता दिशेचं बघू. वसंत आधी दक्षिणेत येतो. मार्चअखेरीस फार्गोकडचा बर्फ वितळायला लागतो आणि पाणी उत्तरेकडे निघतं. तिकडे विनिपेगजवळ नदी अजून गोठलेलीच असते. दक्षिणेकडून येणारं पाणी बर्फाच्या लाद्यांवर आदळतं, लाद्या एकमेकींवर चढतात, बांध तयार होतो आणि पाणी बाजूला पसरतं. आधीच्या शरद ऋतूत पाऊस जास्त झालेला असेल तर जमीन तुडुंब भरून गोठलेली असते, म्हणजे मुरायलाही जागा नाही. मग ताटात सांडलेल्या पाण्यासारखं ते चहूबाजूंना जातं. किनारा असा उरतच नाही.

कारण या नदीला स्वतःचं खोरंच नाही. हजारो वर्षं डोंगर कापून तिने वाट केलेली नाही. ज्याला रेड नदीचं खोरं म्हणतात तो एका नाहीशा झालेल्या सरोवराचा तळ आहे. शेवटच्या हिमयुगाअखेर बर्फाचा थर उत्तरेकडे सरकायला लागला, तेव्हा वितळलेलं पाणी त्या बर्फाच्याच भिंतीमागे अडून एक अफाट सरोवर तयार झालं. आजची पाचही ग्रेट लेक्स एकत्र केली तरी त्याचा विस्तार त्यांच्याहून मोठा भरेल. हिमयुगाची कल्पना जगाच्या गळी उतरवणारे लुई अगासी यांचं नाव भूवैज्ञानिक वॉरन अपहॅम यांनी १८७९ मध्ये या सरोवराला दिलं. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी बर्फाची भिंत फुटली आणि उरलंसुरलं अगासी सरोवर हडसनच्या उपसागरात रिकामं झालं. मागे राहिली ती बारीक, काळी, चिकट माती आणि टेबलासारखी सपाट जमीन. रेड त्या जमिनीवर नंतर आली. भूगर्भाच्या हिशेबात ती पोरसवदा नदी आहे. तिचं पात्र उथळ आहे आणि मोठं पाणी तिच्या अंगात मावत नाही. ती भरून वाहते तेव्हा खरं तर जुनं सरोवरच काही आठवड्यांसाठी परत येतं.

दक्षिण टोकाला एक मजेशीर जागा आहे. ट्रॅव्हर्स नावाच्या तलावाचं पाणी उत्तरेला रेडकडे जातं आणि त्याच्या शेजारच्या बिग स्टोन तलावाचं पाणी दक्षिणेला मिनेसोटा नदीतून मिसिसिपीकडे. मध्ये ब्राउन्स व्हॅली हे छोटं गाव. खंडाचा जलविभाजक म्हटला की हिमशिखरं डोळ्यांसमोर येतात. इथला जलविभाजक एका सखल खिंडीत आहे. सरोवर भरलेलं असताना त्याचं जास्तीचं पाणी याच वाटेने दक्षिणेला धो-धो वाहत होतं. ही वाट पुढे माणसांच्याही कामाला आली.

माणसं इथे फार आधीपासून होती. रेड आणि असिनिबॉइन या नद्यांच्या संगमाला आज 'द फोर्क्स' म्हणतात. तिथे उत्खननात सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. असिनिबॉइन, क्री, ओजिब्वे, डकोटा असे अनेक समाज इथे मासेमारीला, व्यापाराला आणि बायसनच्या शिकारीला येत. १७३८ मध्ये फ्रेंच व्यापारी ला व्हेरांद्री यांची माणसं इथे पोचली आणि त्यांनी एक छोटा कोट उभारला. फरच्या व्यापारातून फ्रेंच आणि स्कॉटिश पुरुषांनी स्थानिक स्त्रियांशी संसार मांडले. त्यांच्या मुलानातवंडांचा एक वेगळाच समाज घडला, तो मेटी. अर्धं वर्ष नदीकाठी शेती आणि अर्धं वर्ष मैदानात शिकार, असं त्यांचं आयुष्य. या नदीचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास म्हणजे मुख्यतः मेटींचा इतिहास.

त्यात पहिली मोठी ठिणगी पडली ती एका दयाळू माणसामुळे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदार मेंढ्यांसाठी कुळांना गावांतून हाकलत होते. लॉर्ड सेलकर्क यांना या कुळांची कणव आली. हडसन्स बे कंपनीत त्यांनी पुरेसे समभाग घेऊन ठेवले होते. १८११ मध्ये कंपनीने त्यांना रेड नदीभोवतीची सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर जमीन देऊन टाकली. महाराष्ट्राएवढा हा मुलूख, आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. १८१२ मध्ये पहिली तुकडी हडसनच्या उपसागरातून नद्यानाल्यांच्या वाटेने संगमावर येऊन पोचली. सोबत नांगर नव्हते, कुदळी होत्या. मुळांनी विणलेल्या त्या काळ्या मातीला कुदळीने कितीसं खणणार?

सेलकर्कच्या वसाहतीने नॉर्थ वेस्ट कंपनीची नेमकी दुखरी नस दाबली. या प्रतिस्पर्धी कंपनीच्या होड्या मॉन्ट्रियलपासून थेट वायव्येच्या जंगलांपर्यंत जात. वल्हेकऱ्यांचं पोट चालायचं पेमिकनवर. बायसनचं मांस वाळवायचं, कुटायचं, त्यात वितळलेली चरबी आणि कधी रानबोरं मिसळून कातड्याच्या पिशव्यांत भरायचं. हा शिधा महिनोन्महिने टिकायचा. तो बनवायचे मुख्यतः मेटी, आणि बनवायचे याच मैदानात. जानेवारी १८१४ मध्ये वसाहतीचे गव्हर्नर माइल्स मॅकडॉनेल यांनी आपल्या माणसांची उपासमार टाळण्यासाठी पेमिकन मुलखाबाहेर न्यायला बंदी केली. दुसऱ्याच्या कोठीला परस्पर कुलूप लावण्याचा हा प्रकार होता. धाकदपटशा, जाळपोळ, पिटाळून लावणं असं दोन वर्षं चाललं. १९ जून १८१६ रोजी सेव्हन ओक्स या ठिकाणी कथबर्ट ग्रँट यांच्या नेतृत्वाखालची मेटी तुकडी पेमिकन घेऊन वसाहतीला वळसा घालून निघाली होती. नवे गव्हर्नर रॉबर्ट सेंपल माणसं घेऊन त्यांना आडवे गेले. शब्दाला शब्द लागला, गोळ्या सुटल्या. काही मिनिटांत सेंपल आणि त्यांच्या बाजूची आणखी २० माणसं मेली. मेटींचा एक गेला. इंग्रजी इतिहासांनी कित्येक वर्षं याला कत्तल म्हटलं, मेटींनी विजय म्हटलं. एक राष्ट्र म्हणून आपली ओळख इथून सुरू होते असं ते आजही मानतात.

सेलकर्क स्वतः १८१७ मध्ये आले. सोबत भाडोत्री सैनिक होते. पण इथे पोचल्यावर त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं: ओजिब्वेंचे प्रमुख पेगुईस आणि इतर चार प्रमुखांशी करार. दरवर्षी ठरावीक तंबाखूच्या बदल्यात नदीच्या दोन्ही काठांना दोन-दोन मैल रुंदीचा पट्टा वसाहतीला. सपाट मैदानात उभ्या घोड्याच्या पोटाखालून नजर जाईल तेवढं अंतर म्हणजे दोन मैल, असं मोजमाप प्रमुखांना समजावलं गेलं, ही कथा अजून सांगतात. याच पट्ट्याने गावाचा आराखडा ठरवला. प्रत्येक कुटुंबाला नदीवर चिंचोळं तोंड आणि मागे दोन मैल लांब जमीन: काठावर घर, मग झाडी, मग शेत आणि शेवटी गवत. पाणी, मासे, होडीची वाट सगळ्यांच्या दारात, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर. या पट्ट्या पुढे एका बंडाचं कारण होणार होत्या.

सेलकर्क १८२० मध्ये फ्रान्समध्ये वारले. कोर्टकचेऱ्यांनी प्रकृती आणि पैसा दोन्ही खाऊन टाकलं होतं. इकडे टोळधाडीने १८१८ आणि १८१९ ची पिकं फस्त केली होती आणि बियाणंही उरलं नव्हतं. मग काही माणसं दक्षिणेला मिसिसिपीवरच्या प्रेअरी द्यू शीनपर्यंत गेली. तिथून होड्यांत गहू भरून मिनेसोटा नदी चढत ती त्या सखल खिंडीतून रेडमध्ये उतरली. सरोवराचं पाणी ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने उलटं बी आलं. १८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि गोळ्या थांबल्या.

पाच वर्षांनी नदीने आपली बाजू मांडली. १८२५-२६ चा हिवाळा कडक होता, बर्फ खूप पडला होता आणि वसंत उशिरा आला. मे महिन्याच्या सुरुवातीला बर्फ फुटला आणि लाद्यांनी काठावरची घरं रेटून नेली. लोक गुरं हाकत उंचवट्यांकडे पळाले. पण उंचवटे म्हणजे तरी काय, जुन्या सरोवराच्या काठचे रेतीचे बांध, तेही काही मैलांवर. वसाहतीचे इतिहासकार अलेक्झांडर रॉस यांनी आपल्या पुस्तकात एक दृश्य टिपून ठेवलं आहे. रात्रीच्या अंधारात पुरावरून वाहत निघालेलं एक घर: खालचा भाग पाण्यात, वरचा जळतोय. या पुराचा सर्वोच्च विसर्ग अभियंत्यांच्या नंतरच्या अंदाजानुसार सव्वादोन लाख क्युसेक होता. रेडवर इतकं पाणी त्यानंतर कधीच आलेलं नाही. पाणी ओसरल्यावर दोनशेहून अधिक माणसं, मुख्यतः स्विस वसाहतवाले आणि सेलकर्कचे जुने सैनिक, कायमची अमेरिकेकडे निघून गेली. स्कॉट आणि मेटी राहिले आणि त्यांनी जिथे घरं होती तिथेच ती पुन्हा बांधली. याला हट्ट म्हणावं की नाइलाज? नदीपासून दूर जायचं तर पाणी, लाकूड आणि रस्ता तिन्ही सोडावं लागणार होतं.

पुढची तीसेक वर्षं या मैदानावर एक आवाज सतत ऐकू यायचा, लाकडी चाकांचा किंचाळा. रेड रिव्हर कार्ट ही दोन चाकांची गाडी पूर्णपणे लाकूड आणि कातड्याची असे. लोखंडाचा एक खिळाही नाही. आसाला वंगण लावत नसत, कारण वंगणात धूळ बसून चाक जाम व्हायचं. त्यामुळे गाड्यांचा तांडा मैलांवरून कळायचा. मोडली तर वाटेतल्या झाडाने दुरुस्त, नदी आडवी आली तर चाकं काढून तराफा. १८४० मध्ये पेंबिनाहून निघालेल्या एका शिकारीच्या तांड्यात रॉस यांनी १,२१० गाड्या आणि १,६३० माणसं मोजली. याच गाड्यांतून फर दक्षिणेला सेंट पॉलच्या बाजारात जाऊ लागली. कंपनीच्या मक्तेदारीला ते चालणार नव्हतं. १८४९ मध्ये गियोम सायेर या मेटी व्यापाऱ्यावर खटला भरला गेला. न्यायालयाबाहेर सुमारे तीनशे सशस्त्र मेटी जमले. पंचांनी सायेरला दोषी ठरवलं, पण शिक्षा काहीच झाली नाही. बाहेरच्या गर्दीने त्याचा अर्थ बरोबर लावला: व्यापार खुला. या गर्दीच्या पुढाऱ्यांत एका गिरणीमालकाचा समावेश होता. त्याचं नाव लुई रिएल, थोरले. त्यांचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता.

गाड्यांना शह दिला आगबोटींनी. ही हकिगत सांगण्यासारखी आहे. सेंट पॉलच्या व्यापाऱ्यांनी रेडवर आगबोट आणणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. अँसन नॉर्थअप याने मिसिसिपीवरची आपली बोट मोडून काढली आणि १८५९ च्या हिवाळ्यात तिची यंत्रं आणि सामान बर्फावरून घोडे-बैलांकरवी रेडच्या काठी ओढून आणलं. तिथे नवी बोट बांधून तो १० जूनला संगमावरच्या फोर्ट गॅरीला पोचला. बक्षीस खिशात पडल्यावर त्याला नदीत फारसा रस उरला नाही. त्याने बोट विकून टाकली. खरा पैसा केला तो पुढे जेम्स जे. हिल आणि नॉर्मन किटसन यांनी. त्यांची मक्तेदारी इतकी घट्ट होती की विनिपेगकर मालवाहतुकीच्या दरांवरून बोटं मोडत. ९ ऑक्टोबर १८७७ रोजी 'सेलकर्क' ही आगबोट एक तराफा घेऊन विनिपेगच्या धक्क्याला लागली. तराफ्यावर होतं 'काउंटेस ऑफ डफरिन', कॅनडाच्या मैदानी मुलखात आलेलं पहिलं रेल्वे इंजिन. शहराने शिट्ट्या आणि घंटा वाजवून त्याचं स्वागत केलं. पुढच्या वर्षअखेरीस लोहमार्ग पुरा झाला आणि आगबोटींचा धंदा बसला. आगबोटीने आपला मारेकरी स्वतः पाठीवर वाहून आणला होता. हिल मात्र बुडाला नाही. त्याने वेळीच रेल्वेत पैसा घातला होता.

दरम्यान जमिनीचा प्रश्न पेटला होता. १८६९ मध्ये हडसन्स बे कंपनीने आपला सगळा मुलूख तीन लाख पौंडांत नव्या कॅनडाला द्यायचं ठरवलं. व्यवहार पुरा व्हायच्या आधीच ओटावाने मोजणीदार पाठवले. त्यांच्याकडे अमेरिकी धर्तीचा नकाशा होता: मैलाचे चौकोन, नदीचा विचारच नाही. चिंचोळ्या पट्ट्यांवर ते चौकोन टाकले की कुणाचं घर एका तुकड्यात, शेत दुसऱ्यात आणि काठ तिसऱ्याच्या नावावर. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी आंद्रे नो यांच्या जमिनीवर मोजणी चालू असताना धाकटे लुई रिएल काही सोबत्यांसह आले. मॉन्ट्रियलला शिकून परतलेला, जेमतेम पंचविशीचा हा तरुण. मेटींनी मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला आणि मोजणी थांबली.

पुढचे महिने वेगाने गेले. मेटींनी फोर्ट गॅरी ताब्यात घेतला आणि हंगामी सरकार स्थापन केलं. नेमलेले लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम मॅकडूगल यांना सरहद्दीवरच अडवलं गेलं. १ डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत ते रात्री चोरून सीमेपलीकडे आले. राणीच्या नावाने स्वतःच तयार केलेला जाहीरनामा त्यांनी वाऱ्यात उभं राहून मोजक्या सोबत्यांसमोर वाचला आणि ते परत फिरले. मुलूख अजून हस्तांतरित झालाच नव्हता, त्यामुळे एका दमात त्यांनी कंपनीचा अधिकारही संपवला आणि कॅनडाचाही सुरू केला नाही. रिएल यांच्या हातून मोठी चूक झाली ती ४ मार्च १८७० रोजी. कैदेतल्या थॉमस स्कॉटला त्यांच्या सरकारने गोळ्या घातल्या आणि ऑन्टारिओतलं प्रोटेस्टंट लोकमत सूड मागू लागलं. तरीही वाटाघाटींतून मॅनिटोबा कायदा झाला आणि १५ जुलै १८७० पासून रेडच्या काठी एक प्रांत उभा राहिला. नकाशावर तो एवढासा दिसे की लोक त्याला टपाल तिकिटाएवढा प्रांत म्हणत. मेटींच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन ठरली. ती देताना इतका विलंब आणि गोंधळ झाला की अनेक कुटुंबं जमीन न मिळताच, किंवा मिळालेली मातीमोलाने विकून, पश्चिमेकडे निघून गेली. सरकारने हे वचन नीट पाळलं नाही, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते २०१३ मध्ये. रिएल यांना १८८५ च्या दुसऱ्या उठावानंतर रेजायना इथे फाशी झाली. त्यांची कबर विनिपेगमध्ये, रेडच्या पूर्व काठावर सेंट बोनिफेस कॅथेड्रलच्या आवारात आहे. ज्यांना देशद्रोही म्हणून फासावर दिलं त्यांच्या नावाने मॅनिटोबात २००८ पासून फेब्रुवारीत सार्वजनिक सुट्टी असते.

सीमेच्या दक्षिणेला चौकोनांचाच विजय झाला. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे १८७३ मध्ये आर्थिक संकटात सापडली, तेव्हा रोखेधारकांना पैशांऐवजी फार्गोजवळची जमीन मिळाली. त्यातून हजारो एकरांची 'बोनान्झा' शेतं उभी राहिली. ऑलिव्हर डॅलरिंपल हा त्यांचा प्रसिद्ध व्यवस्थापक. एकाच शेतात नांगरांच्या रांगा क्षितिजापर्यंत, हंगामापुरते शेकडो मजूर आणि गव्हाने भरलेल्या आगगाड्या. सरोवराच्या तळाची माती किती सुपीक आहे हे जगाला कळलं ते तेव्हा. चर खणून पाणथळ जागा कोरड्या करणं सुरू झालं तेही याच सुमारास. त्या चरांतून वसंतातलं पाणी नदीत आणखी लवकर पोचू लागलं.

१९५० च्या मे महिन्यात विनिपेगला त्याची किंमत कळली. विसर्ग १ लाख ३ हजार क्युसेक, म्हणजे १८२६ च्या निम्म्याहून कमी. पण आता काठावर सव्वातीन लाखांचं शहर होतं. ५ मेच्या रात्री पावसात आणि बर्फात बांध फुटले. सुमारे एक लाख माणसांनी शहर सोडलं. कॅनडाने तोवर एवढं मोठं स्थलांतर पाहिलं नव्हतं.

तेव्हा विधानसभेत नुकताच आलेला एक तरुण आमदार, डफ रॉब्लिन, १९५८ मध्ये प्रांताचा प्रमुख झाला आणि त्याने एक अजस्र कल्पना रेटली. नदी अडवायची नाही, शहराच्या पूर्वेकडून तिला दुसरी वाट काढून द्यायची. ४७ किलोमीटर लांबीचा कालवा, खर्च सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर. विरोधकांनी त्याला 'डफचा खड्डा' म्हणून हिणवलं. १९६२ ते १९६८ या काळात साडेसात कोटी घनमीटरांहून अधिक माती निघाली. सुएझच्या मूळ कालव्यासाठीही एवढी काढली नव्हती. वर्षाचे बहुतेक महिने हा कालवा म्हणजे गवताची एक रुंद खोलगट पट्टी असते. पूर आला की सेंट नॉर्बर्टजवळ नदीच्या तळातून दोन पोलादी दरवाजे वर उठतात, मागे पाणी चढतं आणि कालव्याच्या तोंडाशी ठेवलेला मातीचा उंबरठा ओलांडून आत शिरतं. युक्ती साधी आहे. पण 'मागे पाणी चढतं' हे तीन शब्द वरच्या अंगाच्या गावांनी नीट ऐकले होते.

कसोटी लागली १९९७ मध्ये. त्या हिवाळ्यात आठ हिमवादळं झाली. 'ग्रँड फोर्क्स हेरल्ड' वृत्तपत्राने त्यांना वर्णानुक्रमाने नावं दिली होती. अँडीपासून सुरू झालेली माळ एप्रिलमध्ये हॅनावर संपली. ग्रँड फोर्क्समध्ये पाणी ४९ फुटांवर जाईल असा हवामान खात्याचा अंदाज होता. लोकांनी त्याहून तीन फूट उंच बांध घातले, वाळूच्या पोत्यांच्या भिंती रचल्या. पाणी ५४.३५ फुटांवर गेलं. १८ एप्रिलला बांध कोसळू लागले आणि जवळपास सगळ्या शहराने, सुमारे ५० हजार माणसांनी, घरं सोडली. दुसऱ्या दिवशी पाण्यात बुडालेल्या मध्यवस्तीत आग लागली. अग्निशामक जवान कमरेएवढ्या थंड पाण्यात उभे, पाण्याचे नळ पुराखाली, आणि डोळ्यांसमोर ११ इमारती जळाल्या. १८२६ मध्ये रॉस यांनी नोंदलेला पुरातला जाळ १७१ वर्षांनी पुन्हा दिसला. जळालेल्यांत हेरल्डची इमारतही होती. अंक एक दिवसही चुकला नाही. तो सेंट पॉलला छापला जायचा. पुढच्या वर्षी वृत्तपत्राला पुलित्झर मिळालं. अंदाज चुकला म्हणून लोक हवामान खात्यावर संतापले होते. पण ४९ हा आकडा होता अंदाजाचा, आणि सगळ्या गावाने तो कमाल मर्यादा समजून धरला होता.

पाणी उत्तरेला सरकलं. मॅनिटोबात ते काही ठिकाणी ४० किलोमीटर रुंद पसरलं आणि वृत्तपत्रांनी त्याला 'रेड सी' म्हटलं. कालवा पुरेल, पण पाणी पश्चिमेकडून वळसा घालून शहराच्या मागच्या दाराने शिरेल, हे अभियंत्यांच्या ऐन वेळी लक्षात आलं. ब्रंकिल्ड गावाकडे ४० किलोमीटरहून लांब मातीचा बांध काही दिवसांत, रात्री दिव्यांच्या उजेडात उभारला गेला. लाटांनी तो खाऊ नये म्हणून समोर गवताचे गठ्ठे आणि भंगारातल्या बसगाड्या लावल्या. बांध टिकला, विनिपेग वाचलं. सेंट अगाथ वाचलं नाही. त्या गावाची सगळी तटबंदी नदीकडे तोंड करून होती. पाणी मागून, पश्चिमेच्या शेतांवरून आलं.

ग्रँड प्वॉन्तच्या लोकांचं दुःख मात्र वेगळं होतं. विनिपेगच्या दक्षिणेच्या या वस्तीत बहुतेक घरांत पाणी शिरलं. दरवाजे उचलून पाणी नैसर्गिक पातळीच्या वर चढवलं गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरं निघालं. लाखो वाचवण्यासाठी शेकडो बुडवले, हे गणित राज्यकर्त्यांना सोपं वाटतं. ज्यांच्या तळघरातून गाळ काढावा लागतो त्यांना ते गणित वाटत नाही. २००४ मध्ये कायदा झाला: दरवाज्यांमुळे कृत्रिमरीत्या आलेल्या पाण्याची भरपाई प्रांताने द्यायची. त्याच सुमारास कालवा रुंद करायचं ठरलं. आधी ६० हजार क्युसेकसाठी आखलेला हा कालवा आता १ लाख ४० हजार क्युसेक वाहून नेऊ शकतो. 'डफचा खड्डा' हा शब्द विनिपेगकर आजही वापरतात, पण कौतुकाने.

सरोवराला मात्र या नदीने वेगळंच दान दिलं आहे. विनिपेग सरोवरात येणाऱ्या पाण्यात रेडचा वाटा थोडा, पण फॉस्फरसमध्ये सगळ्यांत मोठा. शेतातलं खत, गुरांचं शेण, शहरांचं सांडपाणी आणि पुरासोबत धुऊन येणारी माती यांमुळे उन्हाळ्यात सरोवराच्या पाण्यावर हिरवी साय पसरते, इतकी की ती उपग्रहातून दिसते.

आता पाळी फार्गोची आहे. २००९ मध्ये तिथे पाणी ४०.८४ फुटांवर चढलं. विद्यार्थी, दुकानदार, कैदी, सगळ्यांनी लाखो पोती वाळूने भरली आणि शहर थोडक्यात वाचलं. त्यानंतर विनिपेगसारखाच मार्ग ठरला: शहराच्या पश्चिमेने सुमारे ४८ किलोमीटरचा कालवा आणि दक्षिणेला दरवाजांसह लांबलचक बांध. बांधामागे पाणी साठणार ते वरच्या अंगाच्या रिचलंड आणि विल्किन या दोन काउंटींच्या शेतांवर. त्यांनी दावा लावला. मिनेसोटा राज्याने २०१६ मध्ये परवानगी नाकारली, २०१७ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं. आराखडा बदलून डिसेंबर २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि खोदाई पुढे सरकली. ऑक्सबो या छोट्या गावाभोवती गोल बांध घालताना काही घरं पाडून दुसरीकडे बांधावी लागली, गोल्फचं मैदानसुद्धा हलवावं लागलं. वरच्या शेतकऱ्यांची जमीन प्रकल्प विकत घेत नाही. तिच्यावर पाणी सोडण्याचा कायमचा हक्क तेवढा विकत घेतो. शेत मालकाच्याच नावावर राहतं, गहू, सोयाबीन, बीट तोच पेरतो, कर तोच भरतो. मोठा पूर आला तर दरवाजे बंद करायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र फार्गोतल्या प्राधिकरणाकडे असेल.